कर्ज काढून फॉरेन्सिक?

प्रश्न : मुलगी बारावी सायन्स झाली. पुण्यातल्या एका खासगी विद्यापीठात बी.एस्सी. फॉरेन्सिकला सहा लाख खर्च सांगतात. शेती कोरडवाहू आहे. कर्ज काढावे का?
– एक पालक, लासूर स्टेशन

उत्तर : आधी हप्ता मांडा. सहा लाख, दहा टक्के व्याज, दहा वर्षे : महिन्याला साधारण ७,९३० रुपये. शिकतानाचे व्याज वेगळेच. आता पलीकडची बाजू बघा. पोलीस शिपाई बारावीवर होता येते, मूळ वेतन २१,७०० पासून. उपनिरीक्षकाला ३८,६००, एमपीएससीला कुठल्याही शाखेची पदवी चालते. म्हणजे खाकीच हवी असेल, तर महागडी पदवी फुकट गेली म्हणा.

प्रयोगशाळेचीच ओढ असेल तर गोष्ट निराळी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे वा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात घटनास्थळी न्यायवैद्यक तज्ज्ञ जाणे बंधनकारक केले. त्यासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. माणसे लागतील. पण किती नि कधी, याची हमी माहितीपत्रक देत नाही. (ते गुळगुळीत कागदावर असते, एवढेच.)

शिवाय शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था तुमच्या छत्रपती संभाजीनगरातच आहे, लासूरहून रेल्वेने रोज जाता येईल इतकी जवळ. तिथे प्रवेश मिळाला नाही, तर साधी रसायनशास्त्राची बी.एस्सी. करू द्या आणि फॉरेन्सिक एम.एस्सी.ला घ्या. औषध कंपन्यांचा दरवाजाही उघडा राहतो. सहा लाखांच्या कागदावर सही मात्र करू नका.