पहिल्या यामातील दान

धम्मपदातील पापवग्गाची पहिली गाथा, म्हणजे ११६ वी, आपणांपैकी अनेकांनी विहारात ऐकली असेल. कुशल कर्माची त्वरा करावी, त्यात दिरंगाई करणाऱ्याचे मन अकुशलात रमू लागते, असा तिचा आशय आहे. पण त्वरा कशासाठी? सत्कर्म सावकाश केले तर ते सत्कर्म राहत नाही काय? अट्ठकथेने याचे उत्तर एका दरिद्री घराच्या कथेतून दिले आहे.

श्रावस्तीत चूळेकसाटक नावाचा ब्राह्मण राहत असे. साटक म्हणजे वस्त्र. नवराबायको दोघांत मिळून पांघरायला वस्त्र एकच. म्हणून धम्मश्रवणास बायको दिवसा जाई व नवरा रात्री. एका रात्री तथागतांचा उपदेश ऐकताना त्याला वाटले, हे वस्त्र दान द्यावे. लगेच दुसरा विचार आला : मग उद्या दोघांनी काय पांघरायचे? रात्रीचा पहिला याम गेला, मधलाही गेला. दानाच्या एका विचारावर कृपणतेचे हजार विचार चालून येत होते. (मूळ पाली शब्द मच्छेर. मराठीतील मत्सर त्याचाच भाऊबंद. पण पालीत अर्थ हात आखडणे असा आहे.) अखेर तिसऱ्या यामात त्याने वस्त्र तथागतांच्या चरणी ठेवले व आपण जिंकल्याचा घोष केला. तो राजा पसेनदीच्या कानी गेला.

पुढे राजाने त्याला हत्ती, घोडे वगैरे चार-चार दिले. पहिल्याच यामात दान केले असते तर सोळा-सोळा मिळाले असते, असा हिशेब कथेत येतो. हा हिशेब मला पटत नाही. दान म्हणजे पेढीवरची ठेव नव्हे. पण हिशेब घेणाऱ्याच्या बाजूने मांडला तर खरा ठरतो. परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत सोमवारी संपत असेल, तर बुधवारी पोहोचलेल्या पैशांचे त्या मुलीने काय करावे?

आता प्रश्न असा की, एखाद्या घरी जावे, काही द्यावे, ही आतली हाक येते कोठून? अन्यत्र तिला देवाचा आवाज म्हणतात. २२ प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाला असे म्हणता येत नाही. पालीत अनुकंपा म्हणजे दुसऱ्याच्या कंपाबरोबर आपणही कंप पावणे. ती आपल्याच चित्तातील कुशल चेतना आहे. देवाचा आवाज असता तर तो पुन्हा येईल म्हणून वाट पाहता आली असती. चित्त तर अनित्य! सकाळचा कळवळा संध्याकाळपर्यंत टिकेलच, असे नाही.

मात्र त्वरा म्हणजे वाटेल तसे देणे नव्हे. अंगुत्तर निकायातील सप्पुरिसदान सुत्तात सत्पुरुषाच्या दानाची पाच लक्षणे सांगितली आहेत. त्यांत योग्य वेळी देणे आहे, तसेच आदराने देणे आणि स्वतःला व दुसऱ्याला इजा न होता देणेही आहे. यांतील आदर आपल्या लोकांना वेगळा समजावून सांगावा लागू नये. दारोदार भाकर मागायला लावणारी गावकी आपल्या आजोबांनी भोगली. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी उष्टे व शिळे तुकडे नाकारण्यास सांगितले, तेव्हा पोटापेक्षा मान मोठा ठरला. म्हणून वस्तीतील अडलेल्या घरी मदत नेताना चार माणसे व छायाचित्रकार सोबत नेणे मला शोभत नाही. त्या घरच्या मुलाला उद्या त्याच शाळेत बसायचे असते.

मी शिक्षक आहे. वर्गातला मुलगा सलग चार दिवस आला नाही, की घरी काहीतरी बिनसले आहे असे समजावे. त्याच दिवशी शाळा सुटल्यावर जावे. काय हवे ते आपण ठरवू नये; आधी बसावे, ऐकावे. पुष्कळदा पैशापेक्षा लिहिता-वाचता येणाऱ्या माणसाची गरज असते. बापाला क्षयरोग झाला असेल, तर सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळते. शिवाय निक्षय पोषण योजनेत आहारासाठी रक्कम मिळते, ती नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १,००० रुपये झाली आहे. ती बँक खात्यावर जमा होते. तेव्हा त्या घरात खाते कोणाकोणाचे आहे, नसल्यास उघडायला सोबत कोणी जाईल, हे पहिल्याच भेटीत विचारावे.