इंजिनाने हवा धरली तर : जनित्राच्या इंधनवाटेची क्रमवार तपासणी

कोल्हापूरहून गारगोटीकडे जाणाऱ्या रस्त्यावर कागल तालुक्यातील बिद्री हे गाव लागते. दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे हे नाव जिल्ह्याबाहेरही परिचित आहे. ज्या दोन नद्यांची नावे कारखान्याने धारण केली, त्यांच्याच पाण्यावर या खोऱ्यातील ऊस उभा आहे; आणि अतिवृष्टीच्या दिवसांत त्याच नद्या गावांच्या वाटा अडवितात. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षी कोल्हापूर जिल्ह्याने महापूर अनुभवला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तर वीज उपकेंद्रांत पाणी शिरल्याने अनेक गावे दिवसेंदिवस अंधारात होती.

अशा प्रसंगी गावाचा आधार म्हणजे हलविता येण्याजोगे छोटे जनित्र, म्हणजेच जनरेटर. पूरग्रस्तांना आसरा देणाऱ्या शाळेतील दिवे, पिण्याच्या पाण्याचा पंप, आरोग्य केंद्रातील लसींचे शीतकपाट ही सर्व त्याच्यावर अवलंबून असतात. बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सिअस तपमानात ठेवाव्या लागतात. जनित्र मुकाट राहिले तर त्यांचे नुकसान होण्यास फार काळ लागत नाही. परंतु वर्षभर कोपऱ्यात पडून राहिलेले यंत्र नेमक्या त्याच रात्री सुरू होत नाही, हा अनुभव अनेकांना असेल. यंत्र बिघडले, असा निष्कर्ष तेव्हा घाईने काढला जातो. वस्तुतः पुष्कळदा यंत्र धडधाकट असते. केवळ टाकीतील इंधन इंजिनापर्यंत पोहोचलेले नसते.

हवा का अडविते?

१९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली आणि पुढील काळात डिझेल इंजिन महाराष्ट्राच्या शेतीत रुळले. नदीकाठी त्या इंजिनांवर पाणी उपसणाऱ्या पिढीला ‘इंजिनाने हवा धरली’ हा शब्दप्रयोग नवा नाही. त्यामागील कारण समजून घेणे अगत्याचे आहे.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा सोडला जातो व तो आपोआप पेटतो. हा फवारा सोडणारे नोझल उघडण्यास साधारणपणे वातावरणाच्या दाबाच्या दोनशेपट इतका दाब लागतो. डिझेल द्रवरूप असल्याने ते जवळजवळ दबत नाही. म्हणून पंपाने दिलेला रेटा थेट नोझलपर्यंत जातो. नळीत हवेचा बुडबुडा असेल तर मात्र पंपाचा रेटा तो बुडबुडा दाबण्यातच खर्ची पडतो. बुडबुडा दबतो, पुन्हा फुगतो आणि नोझल बंदच राहते. मग कितीही वेळ हॅन्डल मारले तरी उपयोग होत नाही.

प्रथम काय पाहावे?

पाना हाती घेण्यापूर्वी डोळ्यांनी तपासणी करावी. टाकीत पुरेसे डिझेल आहे काय? यंत्र उतारावर ठेवले असल्यास थोडे डिझेल एका बाजूस जाते व नळीचे तोंड उघडे पडते. टाकीचा कॉक उघडा आहे काय? इंजिन थांबविण्याची दांडी ‘बंद’ स्थितीत तर राहिली नाही ना? वंगणतेल कमी असल्यास काही जनित्रे स्वतःहूनच सुरू होण्यास नकार देतात. म्हणून तेलाची पातळीही पाहावी.

टाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक छिद्र असते. ते धुळीने बुजले की टाकीत पोकळी निर्माण होते व इंधन खाली उतरत नाही. यंत्र सुरू होऊन थोड्या वेळाने बंद पडत असेल तर झाकण सैल करून पाहावे. त्याने यंत्र चालू राहिले, तर दोष तेथेच आहे.

इंजिन फिरवीत असताना धुराकडेही लक्ष द्यावे. धूर मुळीच येत नसेल तर इंधन आत पोहोचत नाही. पांढरा धूर येत असेल तर इंधन पोहोचते आहे, पण पेटत नाही. तेव्हा हवा काढण्यात वेळ दवडू नये.

हवा काढण्याचा क्रम

हवा नेहमी टाकीकडून नोझलकडे काढीत जावी. हा क्रम उलटा केल्यास मागची हवा पुन्हा पुढे येते.

१. कॉक उघडून फिल्टरवरील हवा काढण्याचा स्क्रू थोडा सैल करावा. टाकी वर असल्यास डिझेल आपल्या भाराने उतरते. टाकी खाली असल्यास पुरवठा पंपाची हातदांडी मारावी. प्रथम फेसाळ डिझेल येईल. बुडबुड्याविना अखंड धार येऊ लागली की स्क्रू आवळावा.

२. हातदांडीला जोरच लागत नसेल तर पंप बिघडला असे लगेच समजू नये. आतील कॅम उंचावर थांबल्यास दांडीची चाल संपते. इंजिन एक फेरा फिरवून पुन्हा प्रयत्न करावा.

३. दाब निर्माण करणाऱ्या मुख्य पंपावरील स्क्रू सैल करून तेथेही हीच कृती करावी.

४. शेवटी नोझलच्या टोकाकडील नळीची चाकी सुमारे एक फेरा सैल करून, इंधनाची दांडी पूर्ण पुरवठ्यावर ठेवून इंजिन फिरवावे. डिझेल ठोक्याठोक्याने बाहेर येऊ लागले की चाकी आवळावी. यानंतर हॅन्डल मारताना नोझलचा ‘कर्र’ असा आवाज ऐकू आला तर फवारा पडतो आहे, असे समजावे.

बॅटरीवर सुरू होणारे यंत्र असेल तर एका वेळी दहा-पंधरा सेकंदांहून अधिक काळ स्टार्टर फिरवू नये. मध्ये विसावा द्यावा. नोझलच्या फवाऱ्यासमोर हात धरू नये, कारण उच्च दाबाचे डिझेल कातडी भेदून आत शिरते. इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या अलीकडच्या इंजिनांवर उच्च दाबाच्या नळ्या मुळीच सोडू नयेत; तेथे निर्मात्याची पुस्तिका पाहावी.

हवा पुन्हा पुन्हा येत असेल तर

एकदा हवा काढली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तीच तक्रार उद्भवली, तर मूळ दोष शिल्लक आहे. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. टाकी वर असेल तर फटीतून डिझेल ठिबकते व दोष डोळ्यांना दिसतो. टाकी खाली असेल तर पंप इंधन ओढून घेतो. तेव्हा फटीतून थेंबही बाहेर पडत नाही, उलट हवा आत शिरते. म्हणून कोरडा दिसणारा सांधाही निर्दोष मानू नये. भेगाळलेली रबरी नळी, सैल क्लिप, दबलेला तांब्याचा वॉशर व फिल्टरखालील रबरी कडे यांची एकेक करून तपासणी करावी. फिल्टरच्या वाटीत तळाशी पाणी साचले असल्यास ते काढून टाकावे.

पेट्रोलवर चालणाऱ्या लहान जनित्रात हवा काढण्याचे काम सहसा नसते. तेथे कार्ब्युरेटर पाहावा. महिनोन्महिने साठलेले पेट्रोल उडून जाते व मागे राहिलेला चिकट थर बारीक छिद्रे बुजवितो. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते. उसाच्या या प्रदेशाला त्याची ओळख निराळी करून देण्याची गरज नाही; मात्र ते ओल शोषून घेते, हे विसरू नये. यंत्र ठेवून देण्यापूर्वी कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवावे, म्हणजे कार्ब्युरेटर रिकामा होतो.

पंचायतीने काय करावे?

जनित्र खोलीत किंवा बंद व्हरांड्यात चालवू नये. त्याच्या धुरातील विषारी वायूला वास नसतो व तो प्राण घेतो. इमारतीच्या तारांना ते जोडताना बदल-स्विच असलाच पाहिजे. अन्यथा उलट गेलेली वीज खांबावर काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवावर बेतेल.

दर महिन्यास अर्धा तास जनित्र भारासह चालवावे व त्याची नोंद वहीत करावी. मे महिन्यात, पाऊस येण्यापूर्वी, शिपाई, पाणीपुरवठा कर्मचारी आणि एखादे उत्साही शिक्षक यांना एकत्र बसवावे. फिल्टरची वाटी मुद्दाम रिकामी करावी आणि प्रत्येकाकडून स्वहस्ते हवा काढवून घ्यावी. ज्याने दिवसाउजेडी, कोरड्या अंगणात हे काम दोनदा केले आहे, त्यालाच ते पावसाच्या रात्री बॅटरीच्या प्रकाशात साधेल. योग्य मापाचा पाना, दोन वॉशर, एक फिल्टर आणि वर दिलेला क्रम लिहिलेला कागद जनित्राजवळच टांगून ठेवावा. यास लागणारा खर्च अल्प आहे. आणि पुराच्या रात्री शाळेत आसऱ्यास आलेल्या कुटुंबांना मिळणारा उजेड व पाणी यांच्या तुलनेत तो नगण्यच म्हटला पाहिजे.