काट्झ हें आडनांव

जर्मन भाषेंत मांजरास 'कात्से' म्हणतात. म्हणून काट्झ आडनांवाच्या यहूदी घराण्याचा मांजराशीं कांहीं संबंध असावा, असें पुष्कळांस वाटतें. आरंभीं आम्हांसही तसेंच वाटलें होतें. परंतु हें नांव मुळीं इब्री आहे.

आपण पत्राच्या शेवटीं 'ताजा कलम' याबद्दल 'ता. क.' लिहितों, तशी आद्याक्षरें घेऊन शब्द करण्याची रीत यहूदी लोकांत फार जुनी आहे. 'कोहेन' म्हणजे याजक, 'त्सेदेक' म्हणजे नीतिमत्त्व. या दोहोंचीं पहिलीं अक्षरें जोडून 'कात्स', म्हणजे नीतिमत्त्वाचा याजक, असें नांव झालें. १३२ व्या स्तोत्राच्या ९ व्या ओवींत हे दोन्ही शब्द मूळ इब्रींत एकत्र आढळतात. इब्री लोकांस पत्र ७:२ यांत मलकीसदेक या नांवाचा जो अर्थ सांगितला आहे, त्यांतील 'सदेक' तोच हा शब्द.

तेव्हां हें आडनांव अहरोनाच्या वंशाची खूण होय. मात्र केवळ आडनांवावरून कोणी याजक ठरत नाहीं. तो अधिकार बापाकडून मुलास येतो, आणि अनेक याजककुळांचीं आडनांवें अगदीं निराळीं आहेत. आमच्या कोंकणांतील बेने इस्राएल लोकांत तर किहीमचा तो किहीमकर, अशीं गांवावरून आडनांवें पडलीं.

इ. स. ७० मध्यें मंदिर पडलें, यज्ञ बंद झाले. तरी गणना ६:२४-२६ यांतील आशीर्वाद सभास्थानांत आजही याच वंशाचे पुरुष उच्चारतात. आणि लेवीय २१ प्रमाणें त्यांतील नियमनिष्ठ लोक जवळच्या आप्ताखेरीज कोणाच्या प्रेताजवळ जात नाहींत.