कट्टरता मेंदूत कशी शिजते?

पंचवटीत आलं की आपण काळाराम मंदिरात सहज डोकावून येतो. याच मंदिरापुढे २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. मागणी एवढीच, दर्शनाला आत येऊ द्या. दारं बंद झाली. ९ एप्रिलला, रामनवमीच्या रथाच्या वेळी, सत्याग्रहींवर दगडफेक झाली. देवापुढे जोडलेले हात दगड का उचलतात?

पहिलं कारण: ‘आपण’ आणि ‘ते’. मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांनी इंग्लंडमधल्या शाळकरी मुलांचे क्षुल्लक कारणावरून गट पाडले (१९७०). तेवढ्यावरही मुलं आपल्या गटाला झुकतं माप देऊ लागली!

दुसरं कारण मेंदूतलं. एखादी गोष्ट ‘पवित्र’ ठरली की मेंदू नफा-तोट्याचा हिशोब बाजूला ठेवतो आणि ती नियमासारखी पाळतो. बार्सिलोनातल्या एका संशोधनात तरुणांना कॉम्प्युटरवरच्या चेंडूच्या खेळातून मुद्दाम वगळलं. मग एफएमआरआयमध्ये दिसलं, की साध्या मुद्द्यांवरही त्यांचा मेंदू ‘पवित्र’ मुद्द्यांसारखाच प्रतिसाद देत होता. थोडक्यात, वगळलं जाणं कट्टरतेला खतपाणी घालतं.

पण पंचवटीत तर पिढ्यान्‌पिढ्या वगळलेल्यांनीच सत्याग्रहाचा मार्ग धरला! भाऊराव गायकवाडांसारख्या कार्यकर्त्यांनी तो लढा सुमारे पाच वर्षं चालवला. म्हणजे मेंदू फक्त कल दाखवतो. दिशा देतात नेतृत्व आणि संघटना.

आपल्या मेसमध्ये कुणी रोज एकटाच जेवतो का? आज त्याला आपल्या टेबलावर बोलवा. सुरुवात तिथूनच होते.