युद्धपट आणि प्रकाशयोजना

प्रशियाच्या सैन्याने १८२४ मध्ये अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी नकाशावरील युद्धखेळ स्वीकारला. पुढे तो घरोघरी खेळला जाऊ लागला. आजच्या पटांवर नकाशा बहुधा षट्कोनी घरांत विभागलेला असतो आणि सुमारे सव्वा सेंटीमीटरच्या पुठ्ठ्याच्या सोंगटीवर पलटणीचे बळ बारीक अंकांत छापलेले असते. ३ चा ८ वाचला गेला, की जिंकलेली लढाई हातची जाते.

झाशी जिल्ह्यातील गरौठ्यासारख्या तहसिलीच्या गावी, उंच छताच्या जुन्या खोलीत आजोबा व नातू १८५८ चा झाशीचा वेढा मांडून बसले, तर अडचण आजोबांची अधिक. साठीत दृष्टिपटलापर्यंत विशीच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो.

यावर उपाय मोठा दिवा नव्हे, तर दिवा खाली आणणे हा होय. लहान दिव्याचे पटापासूनचे अंतर २ मीटरवरून १ मीटर केल्यास त्याच्या थेट खाली सुमारे चौपट प्रकाश पडतो. दिवे दोन बाजूंना दोन असावेत, म्हणजे हाताची सावली पटावर गडद पडत नाही. त्यांवर झाकण असावे, म्हणजे डोळे दिपत नाहीत.

९ वॉटचे दोन एलईडी दिवे रोज ४ तास लावल्यास ३० दिवसांत २.१६ युनिट वीज लागते. ६० वॉटच्या एकाच जुन्या दिव्याला ७.२ युनिट. अशी ही बचत दोन पिढ्यांना एका पटाशी बसवते.