पडलेला फणस सरपणाच्या भावात देऊ नका

प्रश्न : वादळात आमच्या कोकणातल्या घराजवळचे फणस आणि आंबा उन्मळून पडले. वखारवाला सरपणाचा भाव देतो. देऊन टाकावे का?

उत्तर : फांद्या खुशाल द्या, बुंधे मात्र देऊ नका. फणसाचा पिवळा गाभा टिकाऊ असतो. दारं, चौकटी, पाट यांना तो उत्तम, दक्षिणेत मृदंगाचं खोडही त्याचंच करतात. आंब्याचं लाकूड त्याहून कमी टिकाऊ, तरी घरातल्या टेबल-कपाटांना पुरेसं. ‘गावठी लाकडाला कीड लागते’ असं सुतार म्हणतील. आंब्याबाबत ते खरंच आहे, पण त्यात हयगयीचा वाटा मोठा. ओंडका सालीसकट पावसात पडून राहिला की बुरशीने डागाळतो, भुंगे पोखरतात. म्हणून लगेच फळ्या पाडून घ्या, ओल्या असतानाच बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात बुडवा, मग सावलीत, जमिनीपासून उंच, मधे पट्ट्या घालून रचा. टोकांना रंग फासा, नाहीतर तिथून चिरा जातात. इंचभर जाडीची फळीसुद्धा वाळायला काही महिने घेते, आणि घाई केलेलं दार पुढे हमखास वाकतं. कापणीचा खर्च नको वाटेल. तो सागाच्या भावाशी ताडून पाहा, सरपणाच्या नव्हे. लाकूड हलवण्याआधी वनखात्याच्या कार्यालयात वाहतूक परवान्याची चौकशी करा.