बारा मावळांतील देशमुखांचा समेट

सशस्त्र गट अनेक असता मोजक्यांशीच केलेला तह टिकणे कठीण असते. १९७५ चा शिलाँग करार नागा बंडखोरांपैकी काहींशीच झाला. तो अमान्य करणाऱ्यांनी १९८० मध्ये निराळी संघटना उभारली.

सतराव्या शतकात भोर-वेल्हे परिसराची स्थिती अशीच विखुरलेली होती. कानंद खोऱ्यात मरळ, गुंजण मावळात शिळीमकर, हिरडस मावळात बांदल, रोहिड खोऱ्यात कारीचे जेधे व उत्रोळीचे खोपडे. प्रत्येक देशमुखापाशी स्वतःचा हत्यारबंद जमाव होता आणि वतनाचे पिढीजात तंटे होते. बांदलांशी शिवाजी महाराजांना प्रथम लढावे लागले. पुढे त्यांचा जमाव, कारभारी बाजीप्रभू देशपांडे यांच्यासह, स्वराज्यात सामावला गेला. जेधे-खोपडे वैर मात्र धुमसत राहिले. १६५९ मध्ये अफजलखान आला तेव्हा कान्होजी जेधे पुत्रांसह महाराजांकडे आले, तर खंडोजी खोपडे खानास मिळाले. पुढे कान्होजींच्या रदबदलीने खोपड्यांचा जीव वाचला. हात-पाय मात्र गेले.

जमिनीपेक्षा मानपानाचा प्रश्न अधिक नाजूक. १६६० मध्ये घोडखिंडीत बांदलांच्या जमावाने पराक्रम केला. त्यानंतर दरबारातील पहिल्या मानाचे पान जेध्यांकडून बांदलांकडे गेले, ते जेध्यांच्या संमतीने, असे परंपरा सांगते. एके काळी याच दोन घराण्यांत रक्तपात झाला होता.